मावशी, जरा सरका

मार्चमधली गोष्ट. मावशीचा डोळा दाखवायला वांद्र्याला जायचं होतं, म्हणून सकाळी अकराच्या सुमारास आम्ही तिघींनी वसई रोडला चर्चगेट लोकल पकडली. तिघी म्हणजे मी, चौऱ्याऐंशी वर्षांची मावशी आणि तिच्या सोबतीला कॉन्व्हेंटमधून आलेली एक तरुण सिस्टर. ऑफिसची गर्दी ओसरली होती, तरी लेडीज डब्यात बसायला जागा नव्हती. भाईंदरची खाडी आली, दारातून खारा वारा आत घुसला, तेवढ्यात खिडकीजवळची एक बाई उठली. मांडीवरची पिशवी खांद्याला अडकवत तिने मावशीच्या दंडाला हलकेच हात लावला आणि म्हणाली, "मावशी, जरा सरका. सिस्टरना बसू द्या."

सिस्टर म्हणजे ती तरुण. वय सव्वीस, अंगात पांढराशुभ्र झगा, डोक्यावर व्हेलचं कापड, छातीवर क्रूस. आणि मावशी? बिस्किटी रंगाची बिनकाठाची सुती साडी, पायांत रबरी चपला, काळ्या दोऱ्यातला क्रूस पदराआड गेलेला. तरुण सिस्टर कानापर्यंत लाल झाली. "अहो, ह्यासुद्धा सिस्टरच आहेत, माझ्याहून कितीतरी मोठ्या." बाईने मावशीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हो का? वाटत नाहीत," ती म्हणाली. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मावशी हसली, "बस गं, तुला दिलीय जागा," म्हणत तिने त्या पोरीला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः दांडा पकडून बोरिवलीपर्यंत उभी राहिली. दवाखान्यातही तोच प्रकार. काउंटरवरच्या मुलीने फाइल तरुण सिस्टरपुढे सरकवली आणि मावशीला म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर बाकावर बसा." मुंबईत मावशी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आईची बहीण सोडली तर या शहरातल्या बाकी सगळ्या मावश्या लादी पुसतात.

मी चिडले. त्या मुलीला चार शब्द सुनावणारही होते. मावशीने माझं मनगट धरलं. "कशाला रागावतेस बाय? ह्याच्यासाठीच तर आम्ही एवढी भांडणं केली."

ती हे कौतुकाने म्हणाली की कडवटपणे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशी कॉन्व्हेंटमध्ये गेली ती १९५८ साली, सतराव्या वर्षी. माझी आई तेव्हा बारा वर्षांची. आईच्या आठवणीत त्या दिवसाचं चित्र म्हणजे दारापुढे उभा टांगा, ओट्यावर पत्र्याची ट्रंक आणि लाल लुगड्यातली आजी, जी रडत नव्हती, सुकेळ्यांची पुडकी बांधत होती. पुढच्या वेळी बहीण दिसली ती झग्यात. कपाळावर खळ घातलेली पांढरी पट्टी, गालांना घट्ट लागून कापड, त्यावरून व्हेल, आणि ते सगळं जागच्या जागी ठेवणाऱ्या पिना. चेहऱ्याचा तेवढा एक लंबगोल उरलेला. नावही बदललेलं. बाप्तिस्म्याचं नाव जाऊन कुठल्याशा इटालियन संताचं, तेही पुरुषाचं नाव मिळालेलं. आजीला ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ती भेटीच्या खोलीत आपली घरचीच हाक मारायची आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेली सिस्टर खोकायची. भेटीला तशी एक सिस्टर हजर असेच. सुकेळी मावशीच्या हातात पडत नसत, कोठीत जमा होत. आजोबा गेले तेव्हा कॉन्व्हेंटपासून आमचं घर बसने तासाभरावर होतं. मावशीला बातमी संध्याकाळी कळली आणि तिने चॅपेलमध्ये बसून त्यांच्यासाठी जपमाळ म्हटली. घरी जायचा नियम नव्हता. आईने हे मला सांगितलं तेव्हा माझा संताप झाला होता. आई म्हणाली, तेव्हा कुणाला संताप आला नाही. लग्न होऊन दूर दिलेल्या मुलीही कुठे पोचायच्या?

लग्नाची उपमा तशी फार लांबपर्यंत जायची. नवऱ्याच्या घरी लागतो तसा येशूच्या घरीही हुंडा लागे. युरोपातून आलेल्या अनेक संस्थांत जुनी पद्धत होती. ज्या मुली शिकलेल्या, घरून काही घेऊन आलेल्या, त्या पहिल्या वर्गाच्या. त्या चॅपेलच्या पुढच्या बाकांवर बसून दिवसातून ठरल्या वेळांना लॅटिन स्तोत्रं गात, शाळेत शिकवत, पुढे मदर होत. ज्या गरिबाघरच्या, कमी शिकलेल्या, त्या स्वयंपाकघर, धुणं, कोंबड्या आणि बाग सांभाळत. लॅटिन प्रार्थनेऐवजी त्यांनी प्रभूची प्रार्थना ठरावीक वेळा मोजून म्हणायची. मावशी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, तिच्या हातात शेणामातीचा वास. ती कुठे गेली असेल हे सांगायची गरज नाही. दोन्ही वर्गांची व्रतं तीच, ब्रह्मचर्य तेच, देवही तोच. जेवणाच्या लांब टेबलावरची जागा मात्र वेगळी, आणि व्हेलची तऱ्हाही वेगळी. मावशीला याचं दुःख होतं का? मी विचारलंय. ती म्हणते, "दुःख कसलं, आम्हाला माहीतच नव्हतं दुसरं काही." मग थोडं थांबून म्हणते, "पण टेबल पुसताना कळायचं."

१९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात येणारे पहिलेच पोप. वसईतून माणसं मिळेल त्या गाडीने निघाली. माझे वडील ओव्हल मैदानावर पहाटेपासून उभे होते, आणि त्यांनी पाहिलं काय, तर लांबवर हलणारं काहीतरी पांढरं. तो पांढरा ठिपका ते आयुष्यभर सांगत राहिले. मावशीचं कॉन्व्हेंट ओव्हलपासून फार दूर नव्हतं. पण देशभरातून पाहुण्या सिस्टर उतरलेल्या, त्यांचं रांधायचं कोणी? सगळ्या झगे झटकून ओव्हलवर गेल्या आणि किचनवाल्या तिघी मागे राहिल्या. मावशीने पोप पाहिले नाहीत. त्या दिवशी तिने किती नारळ खवले, तो आकडा मात्र ती अजून सांगते आणि दर वेळी तो थोडा वाढतो.

तेव्हा रोममध्ये व्हॅटिकन महासभा, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, सुरू होती. १९६२ ते १९६५. पुढचं सगळं तिथून निघालं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली ती त्यामुळेच. पण व्रतस्थांबद्दलचा वेगळा जाहीरनामा २८ ऑक्टोबर १९६५ रोजी निघाला, त्याच्याबद्दल घराघरांत फारसं कुणी बोलत नाही. मी तो बऱ्याच उशिरा वाचला. त्यात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. आपल्या संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे परत जा, आणि बदललेल्या काळाशी जुळवून घ्या. मागेही जा, पुढेही जा. पुढची साठ वर्षं जी ओढाताण झाली ती सगळी या एका वाक्यात दडली होती असं मला वाटतं. प्रत्येकीने आपल्याला हवा तो अर्धा उचलला. पोशाख साधा, गरिबीला शोभणारा, आरोग्याला आणि स्थळकाळाला धरून असावा, असंही त्यात आहे. आणि आणखी एक ओळ आहे, जी मी वाचली तेव्हा मला मावशीचं लांब टेबल दिसलं. बायकांच्या संस्थांत सिस्टरांचा एकच वर्ग असावा.

मग प्रश्नावल्या आल्या. प्रत्येक संस्थेने आपला कारभार नव्याने तपासावा, आणि त्यासाठी प्रत्येक सिस्टरचं मत घ्यावं, असा हुकूम होता. दहा वर्षांत मावशीला कुणी काही विचारलं नव्हतं. आता छापील कागद पुढ्यात. प्रश्न इंग्रजीत, म्हणून एका शिक्षिका सिस्टरने तिला मराठीत वाचून दाखवले आणि तिची उत्तरं इंग्रजीत लिहून घेतली. प्रार्थनेच्या वेळा, मौन, पोशाख, सगळ्याला मावशीने "चालेल" असंच सांगितलं. शेवटी, आणखी काही सुचवायचं आहे का, असा रकाना होता. तिने सांगितलं, "मला भांडी घासायला हरकत नाही. पण सगळ्यांनी घासावीत."

लिहून घेणारीने दोनदा विचारलं म्हणे, हे लिहू का?

सगळ्यांनी भांडी घासायला लागल्यावर जे झालं ते मावशीच्या तोंडून ऐकावं. पाळ्या लागल्या. गणित शिकवणाऱ्या सिस्टरने पहिल्याच आठवड्यात अकरा बशा फोडल्या. इतिहासवालीची डाळ तीन दिवस करपली आणि तिसऱ्या दिवशी मदरनेच ती मुकाट्याने खाल्ली. व्हेल आखूड झाला, कपाळपट्टी गेली, कपाळावर वर्षानुवर्षांचा पांढुरका वळ तेवढा उरला. घरची नावं परत मिळाली. आणि १९७३ साली, मी सात वर्षांची असताना, मावशी साडी नेसून आमच्या घरी आली आणि चक्क राहिली. रात्री ओट्यावर तिने डोकं मोकळं केलं. मी सिस्टरचे केस पहिल्यांदाच पाहत होते. आमचा पक्का समज होता की सिस्टरना केसच नसतात. तिचे होते, मानेपर्यंतचे, वेडेवाकडे कापलेले, मधूनमधून पांढरे. आजीने खोबरेल आणलं आणि न बोलता तिच्या डोक्याला घासायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "बघ, माझं लुगडं पोर्तुगीज गेले, इंग्रज गेले तरी तेच आहे. तुमचेच बाई कपडे सारखे बदलतात."

मग मावशीने नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि तिघींबरोबर डहाणूच्या आतल्या पाड्यांवर भाड्याच्या खोलीत राहायला गेली. वीस-बावीस वर्षं. बाळंतपणं, सर्पदंश, रेशनकार्डं. तिथले लोक तिला बाई म्हणत. सिस्टर हा शब्दही गळून पडला. तिचे सगळ्यांत सुखाचे दिवस ते असावेत, कारण त्यांच्याबद्दल ती सगळ्यांत कमी बोलते.

मला वाटायचं, एवढी साधी गोष्ट आहे ही. अन्याय होता, तो गेला. मग मी मोठ्या कॉन्व्हेंटमधल्या त्या गोव्याच्या सिस्टरला भेटले. ती चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवायची, पहिल्या वर्गातली, लॅटिन आणि फ्रेंच येणारी. तेव्हा सत्तरीच्या पुढे होती आणि एकटीच अजून लांब झग्यात वावरायची. मी तिच्याकडे जरा खुन्नस घेऊनच गेले होते, खोटं कशाला बोलू. तिने मला जेवणघर दाखवलं. एकेकाळी चाळीसेक जणी बसत त्या टेबलाच्या एका टोकाला सहा ताटं मांडलेली, उरलेल्या लाकडावर शाळेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तिने तक्रार केली नाही. फक्त रात्रीच्या मौनाबद्दल बोलली. शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत कुणी बोलायचं नाही, दार आपटायचं नाही, आणि त्या शांततेत चाळीस माणसांचा श्वास एकत्र चालतोय असं वाटायचं, म्हणाली. मग कुणीतरी टीव्ही आणला. मग कुणाला सामाजिक कामासाठी उशिरा यायचं म्हणून जेवणाच्या वेळा सुटल्या. मग काहीजणी व्रतं सोडून गेल्या. तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण १९७१ साली एका सकाळी बॅग घेऊन मागच्या दाराने गेली आणि नाश्त्याला तिची खुर्ची काढून घेतलेली होती. कुणी एक शब्द उच्चारला नाही. "मौन तेवढ्यापुरतं मात्र पाळलं," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने माझ्या मावशीसारख्यांनी घर मोडलं. मावशीच्या दृष्टीने ते घर नव्हतंच, मोठ्यांचा वाडा होता. दोघी एकाच टेबलावर पंधरा वर्षं जेवल्या होत्या, दोन टोकांना.

हे फक्त आपल्याकडचं नाही. लॉस एंजेलिसमधल्या इमॅक्युलेट हार्ट सिस्टरांनी १९६७ साली ठरवलं की पोशाख आणि प्रार्थनेच्या वेळा ज्याच्या त्याने ठरवाव्यात, आणि पुरेसं शिक्षण झाल्याशिवाय सिस्टरांना वर्गावर उभं करू नये. तिथले कार्डिनल मॅकइन्टायर भडकले, त्यांनी आपल्या शाळांतून त्यांना बाहेर काढलं. १९७० साली तीनशेहून अधिक जणींनी व्रतं परत केली आणि स्वतःचा वेगळा समूह काढला. पन्नासेक मागे राहिल्या. अमेरिकेत १९६५ च्या सुमारास एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास नन्स होत्या, आता चाळीस हजारही नाहीत. परंपरावाले म्हणतात, बघा, झगा सोडला आणि घर रिकामं झालं. मला हे पटत नाही. त्याच काळात मुलींना कॉलेजं उघडली, नोकऱ्या उघडल्या. हुशार कॅथलिक मुलीला मुख्याध्यापिका व्हायला आता व्रत घ्यावं लागत नव्हतं. पण मला पटत नाही म्हणून ते टेबल भरत नाही, हेही आहे.

आणि झगा म्हणजे तरी काय? पॅरिसमध्ये संत व्हिन्सेंट द पॉलच्या सिस्टरा सतराव्या शतकात आजाऱ्यांची सेवा करायला रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांनी खेड्यातल्या बायकांसारखेच कपडे घातले, मुद्दाम, वेगळं दिसू नये म्हणून. खेड्यातल्या बायकांची फॅशन बदलत गेली, ह्यांची राहिली तिथेच. डोक्यावरचं ते साधं फडकं खळीने फुगत फुगत बगळ्याच्या पंखांएवढं झालं. १९६४ च्या सप्टेंबरात त्यांनी ते उतरवलं तेव्हा जुन्या सिस्टरांना आपण उघड्या पडलो असं वाटलं असणार. आपल्याकडे मदर तेरेसांनी १९४८ साली, महासभेच्या कितीतरी आधी, निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. कोलकात्याच्या झाडूवालीसारखी दिसणारी ती साडी आज जगात कुठेही शंभर पावलांवरून ओळखू येते. म्हणजे साडीचाही झगा होतो. वेळ लागतो, इतकंच.

साडीवरून आठवलं, आमच्याकडे वसईत अशा देशी बदलांमुळे झालेली गंमत वेगळीच. १९६९ साली रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा बदल मान्य केले. जमिनीवर बसणं, चपला बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, आरती, समई, पाद्रींच्या अंगावर शाल. पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम १९७२ साली नव्याने सुरू झाला, तिथे कॅथलिक आणि अँग्लिकन नन्स एका छपराखाली राहू लागल्या. त्यांतली सारा ग्रँट ही ब्रिटनहून आलेली, सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेली नन. तिने शंकराचार्यांचा अभ्यास केला. तिच्या संस्थेच्या नन्स १९६४ पर्यंत कॉन्व्हेंटच्या आवाराबाहेर पाऊल टाकत नव्हत्या, हे लक्षात घेतलं की केवढी उडी होती ते कळतं. पण आमच्या गावात आरतीचं ताट वेदीपुढे फिरलं तेव्हा एक म्हातारा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. म्हणाला, चारशे वर्षांपूर्वी वाडवडिलांनी जे सोडलं ते आता पाद्रीच परत आणणार? तिकडे दलित ख्रिस्ती विचारत होते, संस्कृती म्हणून जी उचलली ती नेमकी कुणाची? आणि ख्रिस्ती समाजाबाहेरचे काही म्हणत, ही धर्मांतराची नवी युक्ती. मावशीला पाड्यावर तिन्ही ऐकून घ्यावं लागलं. गंमत अशी की याच गावात लग्नातली गाणी, लाल लुगडं, हळद, सगळं चारशे वर्षं बिनबोभाट टिकलं होतं. त्याला कुणी परवानगी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती.

मराठी मिस्सेचंही तसंच. लॅटिन मिस्सा चालायची तेव्हा आजी मागे बसून तिची जपमाळ म्हणायची. पाद्री भिंतीकडे तोंड करून त्याचं काम करतोय, मी माझं करते, घंटा वाजली की डोकं वाकवते. मराठी आल्यावर पाद्री वळून समोर उभे राहिले आणि म्हणाले, माळ ठेवा, ऐका, उत्तरं द्या. आजीने माळ पदरात लपवली आणि ओठ न हलवता म्हणत राहिली. आमच्या घरची बोली सामवेदी, आणि मिस्सेची मराठी शाळेच्या पुस्तकातली, त्यामुळे तिला ती फार जवळची वाटली असेल असंही नाही. मुंबईतल्या चर्चबाहेरच्या फळ्यावर आता वेळापत्रक असतं, सातला इंग्रजी, साडेआठला कोकणी, मग मराठी, मग तमिळ. लॅटिन कुणालाच कळत नव्हतं तेव्हा सगळे एका वेळी यायचे. आता ज्याला त्याला कळतं आणि ज्याची त्याची वेळ वेगळी. तिकडे एर्नाकुलममध्ये पाद्रींनी लोकांकडे तोंड करायचं की वेदीकडे, यावरून अलीकडेच इतकं पेटलं की बॅसिलिका बंद करावी लागली.

माझा भाचा चोवीस वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. तो लॅटिन मिस्सेचा भक्त. यूट्यूबवरून शिकलाय सगळं. २००७ साली पोप बेनेडिक्टनी जुनी मिस्सा मोकळी केली आणि २०२१ साली फ्रान्सिसनी पुन्हा आवळली, यावर तो क्रिकेटवर बोलावं तसा तावातावाने बोलतो. मला त्याची चीडही येते आणि हेवाही वाटतो. ज्या घरात तो कधी राहिला नाही त्या घराची त्याला आठवण येते. गेल्या पावसाळ्यात तो आला होता, मावशीही चार दिवस आमच्याकडे होती, ओट्यावर वाल सोलत बसलेली. त्याने मोबाइलवर साल्वे रेजिना हे लॅटिन स्तोत्र लावलं. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कॉन्व्हेंटमधून गात ते. बायकांचे आवाज, संथ, पावसाच्या आवाजात मिसळलेले. मला मान्य करायला लाज वाटते, पण माझ्या अंगावर काटा आला. मराठीत मला तो कधी येत नाही. आणि मावशी गायला लागली. बिनचूक, शब्दाला शब्द, तोंडाचं बोळकं झालेलं तरी सूर धरून. भाचा पाहतच राहिला. मग मध्येच, गाणं चालू असताना, ती थांबली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

"सिस्टर आजी, पुढचं?"

"पुढचं मला येत नाही. तेवढ्यात दूध उतू यायचं."

त्या तरुण सिस्टरबद्दल सांगायचं राहिलं. ती झारखंडची, सिमडेग्याची. तिच्या संस्थेत, म्हणजे मावशीच्याच संस्थेत, आता साडी की झगा हे जिचं तिने ठरवायचं. तिच्या तुकडीतल्या सगळ्यांनी झगा निवडला. मी तिला दवाखान्याच्या बाकावर विचारलं, का गं? ती मराठी सावकाश, शब्द निवडून बोलते. "साडी नेसून स्टेशनवर उभी राहिले तर मी कुणाची तरी बायको वाटते. झग्यात मी माझी वाटते." मग तिने आणखी एक सांगितलं. २०२१ च्या मार्चमध्ये झाशीला रेल्वेतून चार जणींना खाली उतरवून तासन्‌तास चौकशी झाली, दोघी झग्यातल्या सिस्टर आणि दोघी साध्या कपड्यांतल्या शिकाऊ मुली. धर्मांतराच्या आरोपात काही तथ्य नव्हतं. पुढचा प्रवास त्यांनी साध्या कपड्यांत केला. ती बातमी आली तेव्हा मदरने हिला घरी जाताना सलवार-कमीज घाल म्हणून सांगितलं होतं. "मी नाही घातलं," ती म्हणाली. "आई स्टेशनवर घ्यायला येते. तिला मी झग्यातच बघायची असते." मावशी बाहेरच्या बाकावर, त्या मुलीने सांगितलं तिथेच, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

परतीच्या विरार गाडीत दुपारी भरपूर जागा होती. आम्ही तिघी समोरासमोर बसलो. मावशीच्या डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, तिला सगळं धूसर दिसत होतं, म्हणून तिने डोळे मिटलेलेच ठेवले होते. भाईंदरची खाडी आली तसा वारा सुटला आणि तरुण सिस्टरचा व्हेल एका बाजूने सुटून फडफडायला लागला. पिन तिच्या मांडीवर पडली. ती दोन्ही हातांनी व्हेल धरायला बघत होती आणि पिन घरंगळत होती. मावशीने डोळे न उघडताच हात पुढे केला. पिन घेतली, ओठांत धरली, त्या मुलीची मान आपल्याकडे वळवली, डाव्या अंगठ्याने कानामागची घडी चाचपली, कापड एकदा दुमडून आत घेतलं आणि एका झटक्यात पिन लावली. गाडी हलत होती, पण तिचा हात हलला नाही. पन्नास वर्षं तिने व्हेल बांधलेला नाही.

"कपाळावर एवढं ताणत जाऊ नकोस," ती म्हणाली. "रात्री डोकं धरतं."

नायगाव गेलं. मी पिशव्या गोळा करायला लागले.